बीपीची गोळी 'कॅल्शियम ब्लॉकर', हाडांची गोळी कॅल्शियम... आईने दोन्ही बंद केल्यात, कुणी नीट समजावेल का?

ऐरोली_लोकल:
नमस्कार मंडळी. जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आई ६८ वर्षांची, बाबांबरोबर ठाण्यात चरईत राहते, मी ऐरोलीला. चार वर्षांपासून तिला बीपी आहे, रोज सकाळी नाश्त्यानंतर ॲम्लोडिपिन ५ ची एक गोळी, बाकी काही नाही आणि घरच्या मशीनवर वरचं १३० च्या आसपास असायचं, म्हणजे सुरळीत चाललं होतं. मागच्या महिन्यात गुडघे आणि कंबर फारच धरली म्हणून हाडांच्या डॉक्टरकडे नेलं, त्यांनी कॅल्शियम आणि डी३ ची गोळी लिहून दिली. इथपर्यंत ठीक. मग भिशीत एका काकूंनी ज्ञान दिलं की अगं तुझी बीपीची गोळी म्हणजे 'कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर', ती शरीरातलं कॅल्शियम अडवते, म्हणूनच तर हाडं दुखतायत तुझी! त्यात व्हॉट्सॲपवर फिरत आलेलं एक, की कॅल्शियमच्या गोळ्यांनी रक्तवाहिन्या दगड होतात आणि बीपी चढतं. झालं. आईचा हिशोब सरळ, एक गोळी कॅल्शियम घालते दुसरी अडवते, म्हणजे आपण पैसे देऊन पोटात भांडण लावतोय, सबब दोन्ही बंद. कुणाला पत्ता नाही. मी रविवारी गेलो तेव्हा देवघराच्या फळीवर पट्टी दिसली, बारा दिवसांच्या गोळ्या तशाच. मशीन काढून मोजलं तर १६८/९४, पाच मिनिटांनी परत १६४/९२.

दुसरं प्रकरण पायांचं. गोळी चालू होती तेव्हा संध्याकाळी पाय सुजायचे, जोडवी रुतायची, म्हणून तिने एक दिवस साबण लावून ती काढली आणि डबीत ठेवून दिली. त्यावर बाबा तीन दिवस घुश्शात, "मी अजून आहे म्हटलं". गोळी बंद केल्यावर सूज उतरली त्यामुळे आता तिची खात्रीच पटलीय की दोष गोळीचाच.

डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळालीय. पण तिला "डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून घे" हे चालत नाही, ती निवृत्त शिक्षिका आहे, तिला का आणि कसं ते लागतं. हे चॅनेल म्हणजे नक्की काय, कॅल्शियमचा आणि बीपीचा संबंध काय, आणि दोन्ही गोळ्या एकत्र चालतात का? कुणाला माहीत असेल तर सोप्या भाषेत सांगा.

लसूणपाकळी:
गोळी एकदा चिकटली की सुटत नाही हो. माझ्या सासऱ्यांनी रोज सकाळी उपाशीपोटी दोन पाकळ्या कच्चा लसूण खाऊन बीपी आटोक्यात ठेवलं होतं. करून बघा, नुकसान तर काही नाही ना.

घोडबंदर_ट्रॅफिक:
लसणाने नुकसान शेजारी बसणाऱ्याचं होतं 😄

ऐरोलीभाऊ, गुरुवारपर्यंत थांबू नका, आजच डॉक्टरांना फोन करून सांगा की बारा दिवस गोळी बंद आहे आणि आकडा इतका आहे, ते सांगतील सुरू करायची का ते. आणि आईंना छातीत दुखणं, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूचा हात-पाय जड पडणं, एकदम अंधारी असं काही झालं तर फोनबिन सोडा, सरळ हॉस्पिटल गाठा.

सूज म्हणाल तर माझीच गोष्ट सांगतो. मला हीच गोळी १० ची होती. ऑफिसातून आल्यावर मोजे काढले की घोट्याच्या वर असा खड्डा पडलेला दिसायचा, अंगठा दाबला की ठसा मिनिटभर तसाच. एका डॉक्टरने ते बघून लघवी करवणारी गोळी वाढवून दिली. सकाळी ती घेऊन कासारवडवलीहून निघायचं आणि मेट्रोच्या बॅरिकेडमधून माजिवड्यापर्यंत सरकत यायचं, पुढचं काय ते तुम्ही समजून घ्या, एकदा तर मी पेट्रोल पंपावर गाडी टाकून पळालोय. आणि एवढं करून सूज होती तिथेच! मग दुसऱ्या डॉक्टरने बघितल्या बघितल्या विचारलं, ॲम्लोडिपिन किती घेता? १० ची ५ केली, जोडीला टेल्मिसार्टन ही बीपीची दुसरी गोळी दिली आणि लघवीवाली बंद. तीन आठवड्यांत पाय जागेवर. म्हणजे औषधाच्या त्रासावर औषध आणि त्याच्या त्रासावर आणखी औषध, असा माझा प्रवास चालला होता. का होतं ते मला विचारू नका, मी सिव्हिल इंजिनियर.

पेशीवाली:
मी रक्तवाहिन्यांच्या स्नायूंवरच पीएचडी केलीय (उंदरांच्या, माणसांच्या नाही, आणि मी डॉक्टर असले तरी औषध लिहून देणारी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते). आईंचा हिशोब खरं तर हुशारीचा आहे, फक्त एक गोष्ट त्यात राहिलीय, म्हणून जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

रोहिणी म्हणजे नुसता पाईप नाही. तिच्या भिंतीत स्नायूंच्या पेशी वेटोळं घालून बसलेल्या असतात, बांगडीसारख्या, आणि त्या आवळल्या की वाहिनी अरुंद होते. हे काम करतात त्या मोठ्या वाहिन्या नव्हेत, तर अगदी बारीक, केसाएवढ्या जाडीच्या किंवा त्याहून बारीक. बीपीचा आकडा मुख्यतः यांच्याच हातात असतो. आणि गणित फार कडक आहे, वाहिनीची त्रिज्या दहा टक्क्यांनी कमी झाली तर रक्ताला होणारा विरोध दहा टक्के नाही वाढत, जवळजवळ दीडपट होतो, कारण तिथे त्रिज्येचा चौथा घात लागतो. आई शिक्षिका आहेत म्हणालात म्हणून हे सांगितलं, करून बघू दे त्यांना कागदावर.

आता ही पेशी आवळते कधी? तिच्या आत कॅल्शियम शिरलं की. सकाळी साडेआठचं ठाणे स्टेशन डोळ्यासमोर आणा. फलाटावर माणसंच माणसं आणि समोर एक डबा, जवळजवळ रिकामा, दरवाजे बंद. पेशीच्या बाहेर जितकं मोकळं कॅल्शियम असतं त्याच्या साधारण दहा हजारावा हिस्सा आत असतो. दहा हजारास एक! दरवाजा डोळ्याची पापणी लवेपर्यंत उघडला तरी आत धाड धाड शिरणारच. हा दरवाजा म्हणजे कॅल्शियम चॅनेल, पेशीच्या आवरणातलं एक प्रथिन, बीपीच्या संदर्भात ज्याचं नाव निघतं तो एल टाईप. तो उघडतो विजेच्या इशाऱ्यावर. आवरणाच्या आतल्या बाजूचा ऋण भार जरा कमी झाला की त्याची उघडण्याची शक्यता वाढते. आत गेलेलं कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, ते एका एन्झाइमला जागं करतं, ते मायोसिन नावाच्या ओढणाऱ्या प्रथिनावर फॉस्फेट बसवतं आणि मायोसिन शेजारच्या ॲक्टिनच्या धाग्याला धरून ओढायला लागतं. बांगडी आवळली. नंतर पंप ते कॅल्शियम परत बाहेर किंवा आतल्या कोठारात ढकलतात आणि पेशी सैल पडते.

म्हणजे आईंच्या हिशोबात राहिलेली गोष्ट ती हीच, दरवाजा. आतली गर्दी ठरते दरवाजे किती आणि किती वेळ उघडले त्यावरून, फलाटावर आणखी पन्नास माणसं आल्याने फारसा फरक पडत नाही. बीपीची गोळी दरवाजा धरून ठेवते. फलाट रिकामा करत नाही.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून इतक्या उत्साहाने सांगतेय. उंदराच्या आतड्याला रक्त पुरवणारी एक वाहिनी काढायची, जाडी साधारण मिलिमीटरचा पाचवा भाग, तिची दोन टोकं काचेच्या दोन बारीक नळ्यांवर ओवायची आणि रेशमापेक्षा बारीक धाग्याने गाठ मारायची (पहिले तीन महिने माझ्या हातून रोज एक फाटायची, रडकुंडीला यायचे). मग आत दाब द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकातून बघत बसायचं. आधी ती फुगते, अपेक्षेप्रमाणे. आणि मग मिनिट-दोन मिनिटांत स्वतःहून आकसायला लागते. ना मेंदू जोडलेला, ना मज्जातंतू, ना हार्मोन, नुसता एक तुकडा, तरी दाब वाढला की आवळते. ही गोष्ट बेलिसने १९०२ मध्ये मांडली होती. भिंत ताणली गेली की आवरणाच्या आतला ऋण भार घसरतो, दरवाजे उघडतात, कॅल्शियम शिरतं. आता त्या द्रावणात निफेडिपिनचा (ॲम्लोडिपिनच्याच कुळातलं औषध) थेंब टाका, आवळलेली वाहिनी डोळ्यांसमोर उलगडते. द्रावणातलं कॅल्शियमच काढून टाका, तरी तेच. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला हाक मारून बोलावलं होतं.

बीपीच्या आजारात काय बिघडतं? जपानात क्योटोला १९६३ मध्ये ओकामोटो आणि आओकी यांनी उंदरांची एक जात तयार केली जिचं बीपी जन्मजात वाढत जातं, तेव्हापासून जगभर त्याच जातीवर काम चालतं. त्यांच्या बारीक वाहिन्यांच्या पेशींत हे दरवाजे संख्येने जास्त सापडतात आणि आवरणाचा भारही घसरलेला, म्हणजे दरवाजे उघडायला टेकलेले. वाहिनी कायम थोडी जास्त आवळलेली. हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, दाब वाढतो, दाब वाढला की भिंत आणखी ताणते आणि आणखी आवळते. वर्षानुवर्षं असं चाललं की भिंतच जाड होते. माणसांत मात्र एवढं एकच कारण नसतं, मूत्रपिंड, मीठ, मज्जातंतू, हार्मोन, आनुवंशिकता सगळ्यांची खिचडी असते. पण शेवटी वाहिनी आवळायची म्हटलं की बऱ्याच वाटा या दरवाजाशी येऊन मिळतात, म्हणून त्यावर हात ठेवणारी गोळी इतक्या जणांना लागू पडते.

आणि एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. कॅल्शियम आवळतं असं आत्ता म्हणाले ना, पण याच पेशीत कॅल्शियम ब्रेकचंही काम करतं. आतल्या कोठारातून आवरणाच्या अगदी लगत कॅल्शियमची ठिणगी उडते, तिने पोटॅशियमचा दरवाजा उघडतो, पोटॅशियम बाहेर गेलं की आतला ऋण भार परत वाढतो आणि कॅल्शियमचे दरवाजे मिटतात. १९९५ मध्ये हे दाखवलं गेलं. त्यामुळे "कॅल्शियम वाईट की चांगलं" या प्रश्नाला पेशीच्या पातळीवर काही अर्थच नाही, कुठे आणि किती वेळ ते विचारायचं.

ऐरोली_लोकल:
बाप रे, किती छान लिहिलंत! फोन करून आईला वाचून दाखवलं, फलाटाचं लगेच पटलं, २५ वर्षं मुलुंडला अपडाऊन केलंय तिने. पण मास्तरीण ती, उलट प्रश्न आलाच. म्हणते, कॅल्शियमच्या गोळीने पन्नास नाही, फलाटावर दुप्पट गर्दी झाली तर? आणि दरवाजा धरून ठेवला तर हृदयाचे आणि हातापायाचे स्नायू कसे चालतात, त्यांना नको का कॅल्शियम?

पेशीवाली:
आईंना माझा नमस्कार सांगा, माझ्या व्हायवात एवढा चांगला प्रश्न कुणी विचारला नव्हता.

दुप्पट गर्दी होतच नाही. रक्तातलं एकूण कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर एवढ्या अरुंद पट्ट्यात शरीर धरून ठेवतं, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी सतत पहारा देत असतात, कमी झालं की हाडातून काढ, जास्त झालं की लघवीतून सोड. शिवाय ५०० ची गोळी घेतली म्हणून ५०० रक्तात जात नाही, फार तर पाव-तृतीयांश शोषलं जातं. आणि उलट बाजूने, ॲम्लोडिपिनने रक्तातलं कॅल्शियम कमी होत नाही. आईंचे गुडघे तिच्यामुळे दुखत नाहीयेत, ६८ वर्षं आणि २५ वर्षांची अपडाऊन एवढं पुरे आहे.

हातापायाच्या स्नायूंना बाहेरचं कॅल्शियम जवळजवळ लागतच नाही, ते आपल्या आतल्या कोठारावर चालतात. हृदयाला लागतं, दरवाजाही त्याच घराण्यातला. पण ॲम्लोडिपिनच्या कुळातली औषधं अर्धवट जाग्या, मिटून बसलेल्या दरवाजांना जास्त घट्ट चिकटतात. रोहिणीच्या पेशीचा भार कायम उणे ४०-५० मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणजे दरवाजे बराच काळ त्या अवस्थेत. हृदयाची पेशी दोन ठोक्यांच्या मध्ये पार उणे ८०-९० पर्यंत विश्रांती घेते, तिथे औषधाला पकड मिळत नाही. त्यामुळे नेहमीच्या डोसला वाहिन्या सैल होतात आणि हृदय आपलं चालत राहतं. व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम हे दुसरे कॅल्शियम ब्लॉकर मात्र हृदयालाही धरतात, म्हणून त्यांचा वापर वेगळा.

आणि ते व्हॉट्सॲपचं दगडाचं: वाहिनीच्या भिंतीत चुना साठणं हा वेगळाच विषय, तो वर्षानुवर्षांचा. मी सांगतेय ते सेकंदांत आत-बाहेर होणारं. नाव एक म्हणून गल्लत होते.

जोडव्यांचं पण सांगते. गोळीने केशवाहिन्यांच्या अलीकडचा रोहिणीचा नळ सैल सुटतो पण पलीकडचा नीलेचा तेवढा सुटत नाही, मग मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी भिंतीतून झिरपून पायात उतरतं. अंगात पाणी जास्त झालंय असं नाही, ते चुकीच्या जागी गेलंय, म्हणून घोडबंदरच्या काकांना लघवीच्या गोळीचा उपयोग झाला नाही. टेल्मिसार्टनसारखी औषधं पलीकडची बाजूही सैल करतात, म्हणून जोडीला दिली की सूज बरीच उतरते.

घोडबंदर_ट्रॅफिक:
काका? मी ४४ चा आहे हो 😭 पण अखेर कळलं, धन्यवाद. सोसायटीत पंप वाढवला आणि ड्रेनेजची लाईन तीच ठेवली की चेंबर तुंबतं, तसंच झालं की हे.

केमिस्टदादा:
कोपरखैरण्यात दुकान आहे माझं, काउंटरवरून जे दिसतं ते सांगतो.

एक, ही गोळी अंगात फार हळू उतरते, अर्धी उतरायलाच ३० ते ५० तास. म्हणजे एखादा दिवस चुकली तर आभाळ कोसळत नाही आणि बंद केल्यावर बीपी एकदम उसळत नाही, आठवडाभरात गुपचूप वर चढतं, म्हणून तर तुमच्या आईला वाटलं की काही झालं नाही, बंद केली तरी ठणठणीत आहे. हेच सुरू करतानाही. पूर्ण असर दिसायला सात-आठ दिवस जातात आणि लोक तिसऱ्या दिवशी येऊन म्हणतात दादा ही लागू पडत नाही, स्ट्रॉंग द्या. आणि चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. पण हे सगळं याच गोळीचं हां, मेटोप्रोलोलसारख्या किंवा क्लोनिडिनसारख्या बीपीच्या दुसऱ्या गोळ्या अशा मनाने तोडल्या तर खरंच उसळतं.

दोन, पट्टीवर 'एस ॲम्लोडिपिन २.५' असेल तर ती साध्या ५ च्या बरोबरीची असते, कारण मूळ गोळीत औषधाची आरशातल्या जुळ्यांसारखी दोन रूपं असतात, त्यातलं काम करणारं तेवढंच हिच्यात ठेवलेलं असतं. पेशंट आकडा बघून घाबरतात की डोस अर्धा केला, किंवा हुशारी करून दोन खातात.

तीन, सूज फार असेल तर डॉक्टर हल्ली सिल्निडिपिनवर पण बदलून देतात, जपानात निघालेली, ती या दरवाजाबरोबर मज्जातंतूंच्या टोकाचा एन टाईप दरवाजाही धरते, तिच्यात पाय कमी सुजतात. पण हे डॉक्टरला ठरवू दे, मला व्हॉट्सॲपवर फोटो टाकून "हीच द्या" म्हणू नका, नाही देणार.

चार, कॅल्शियमची गोळी बीपीच्या गोळीशी भांडत नाही, ती भांडते थायरॉइडच्या गोळीशी. थायरॉक्सिन आणि कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर पाहिजेच, नाहीतर थायरॉइडची गोळी पोटातच अडकते. लोहाची पण सोबत नको. साधं कॅल्शियम कार्बोनेट असेल तर जेवणासोबत.

निवृत्त_मास्तर:
वाशीला असतो, मेडिकलच्या मुलांना औषधशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं. चर्चा चांगली चाललीय, दोन जुन्या गोष्टी भर घालतो.

कॅल्शियम आणि स्नायू यांचा संबंध कळला तोच मुळी नळाच्या पाण्यामुळे. सिडनी रिंगर नावाचे लंडनचे डॉक्टर, बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात ठेवून त्याची धडधड बघत असत. धडधड छान चालायची. पुढे लक्षात आलं की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याचं नव्हतंच, सरळ नळाचं पाणी वापरलं गेलं होतं. शुद्ध पाण्यात केल्यावर हृदय थंडावलं. लंडनच्या नळाच्या पाण्यात जे कॅल्शियम होतं त्याची ती करामत, १८८३ सालची गोष्ट. मग १९६० च्या दशकात जर्मनीत फ्रायबुर्गला आल्ब्रेख्ट फ्लेकेनस्टाईन यांना दिसलं की व्हेरापामिल दिलेलं हृदय अगदी कॅल्शियम काढून घेतल्यासारखं वागतं, विजेचा इशारा शाबूत पण आकुंचन क्षीण, आणि वरून कॅल्शियम वाढवलं की पुन्हा ताकद येते. त्यांनी नाव दिलं कॅल्शियम विरोधक. तेव्हापासून हा घोळ आहे. नाव ठेवणाऱ्याने दरवाजाचं नाव ठळक ठेवलं असतं तर भिशीतल्या काकूंना विषय मिळाला नसता.

आता कुणी तीक्ष्ण वाचक म्हणेल, मास्तर, वरून कॅल्शियम दिल्यावर औषधाचा असर उतरतो ना, मग आई बरोबरच म्हणतात! अर्धं बरोबर. कुणी या गोळ्यांची मूठभर खाल्ली तर अतिदक्षता विभागात शिरेतून कॅल्शियम देतातच. पण ते थेट रक्तात सोडलेलं, मॉनिटर लावून. तोंडाने घेतलेल्या ५०० च्या गोळीला ते जमत नाही.

आणि कॅल्शियमशी खरा संबंध येतो तो भलत्याच बीपीच्या गोळीचा! क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड या लघवीवाल्या गोळ्या लघवीतून जाणारं कॅल्शियम कमी करतात. त्यांच्यासोबत कुणी कॅल्शियम आणि डी भरमसाट खाल्लं तर रक्तात ते वाढू शकतं. नावात कॅल्शियम नाही म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. गुरुवारी डॉक्टर गोळी बदलणार असतील तर आई कॅल्शियम घेतात हे आवर्जून सांगा.

दुसरी आठवण जरा काटेरी. नव्वदच्या दशकात ठाण्यातल्या एका नर्सिंग होममध्ये माझ्या मेहुण्याला नेलं होतं, बीपी २०० च्या वर. तिथल्या डॉक्टरने निफेडिपिनची कॅप्सूल सुईने टोचून थेंब जिभेखाली सोडले, तेव्हा सर्रास करायचे तसं. पंधरा-वीस मिनिटांत माणूस पांढराफटक, घामाने चिंब, आकडा शंभराच्या खाली. दरवाजे सगळे एकदम मिटले की वाहिन्या एकदम सैल, मेंदूला आणि हृदयाला पुरवठाच तुटतो. मेहुणा वाचला. पुढे जगभर ही पद्धत धोक्याची ठरली आणि बंद झाली. ॲम्लोडिपिनचं मोल मला त्या रात्रीपासून कळतं, तिचा सगळा गुण तिच्या आळशीपणात आहे. केमिस्टदादांनी सांगितलेले ते ३० ते ५० तास. ती लोकप्रिय आहे म्हणून चांगली असंही नाही, अमेरिकेत ३३ हजारांवर रुग्णांची मोठी तुलना झाली, निकाल २००२ मध्ये आले, हृदयविकाराच्या झटक्यांत ॲम्लोडिपिन त्या जुन्या स्वस्त क्लोरथॅलिडोनच्या बरोबरीने उतरली, हार्ट फेल्युअरमध्ये मात्र क्लोरथॅलिडोन सरस. तेव्हा आईंना गोळी बदलून हवी असेल तर पर्याय आहेत, बंद करायची गरज नाही.

लसूणपाकळी:
मास्तर, सासऱ्यांचं बीपी लसणाने नव्हतंच आटोक्यात बहुतेक, आत्ता नवऱ्याला विचारलं तर म्हणतो बाबा गोळी पण घ्यायचे, आईला सांगायचे नाहीत 🙈 लसणाचं क्रेडिट परत घेते. पण मीठ तरी कमी करा म्हणू का आता?

निवृत्त_मास्तर:
ते म्हणा, शंभरदा म्हणा. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चमचा, त्यात लोणचं, पापड, फरसाण, वडापावसोबतची तळलेली मिरची सगळं आलं. फक्त ते 'कमी सोडियमचं' मीठ आईंना मनाने सुरू करू नका, त्यात पोटॅशियम असतं, मूत्रपिंड अशक्त असेल किंवा टेल्मिसार्टन सुरू झाली तर आधी रक्त तपासून.

ऐरोली_लोकल:
अपडेट देतो. डॉक्टरांना त्याच दिवशी फोन केला होता, त्यांनी गोळी लगेच सुरू करायला सांगितली. काल गुरुवारी प्रत्यक्ष दाखवलं. ॲम्लोडिपिन २.५ वर आणली आणि टेल्मिसार्टन ४० जोडली, दोन आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ते) आणि पोटॅशियम तपासायचं. कॅल्शियम जेवणानंतर चालू ठेवायला सांगितलं. थायरॉइड नाहीये तिला. आज सकाळी १४८/८८, पाय जमिनीला टेकवून, पाठ टेकून, पाच मिनिटं गप्प बसवून घेतलेलं, गप्प बसवणं सगळ्यात अवघड गेलं.

वहीत तिने त्रिज्येचं गणित करून ठेवलंय, ०.९ चा चौथा घात, खाली लाल पेनाने बरोबरची खूण स्वतःच केलीय. जोडवी अजून डबीतच आहेत, सूज पूर्ण उतरल्याचं दिसलं की घालीन म्हणते, बाबांनी मुदत दिलीय गणपतीपर्यंत.

आणि गणपतीवरून तिचाच नवीन प्रश्न, कुठेतरी वाचलं की बीपीच्या गोळीवर ग्रेपफ्रूट चालत नाही, आणि पपनस त्याचंच भाऊबंद ना? आमच्याकडे गावाहून दोन तरी येतातच. खायचं की नाही?

केमिस्टदादा:
ग्रेपफ्रूट हे पपनसाचं पोर आहे म्हणा, पपनस आणि संत्र्याच्या संकरातून आलेलं. ग्रेपफ्रूटचा रस आतड्यातलं औषध मोडणारं एक एन्झाइम बंद पाडतो, मग औषध जास्त चढतं. फेलोडिपिन या त्याच कुळातल्या गोळीवर हे खूप होतं, ॲम्लोडिपिनवर अगदी किरकोळ. कोलेस्टेरॉलची सिम्वास्टॅटिन घेत असतील तर मात्र नको. नसेल तर प्रसादाच्या दोन फोडी खाऊ द्या.

ऐरोली_लोकल:
ती गोळी नाहीये. कळवतो. दोन फोडींवर थांबेल असं मात्र वाटत नाही, ती मीठ-तिखट लावून खाते.

निवृत्त_मास्तर:
तिखट चालेल.